गाणं पाठ, नाटक न पाहिलेलं: कमी पाहिल्या जाणाऱ्या संगीत नाटकांविषयी

प्रश्न थोडक्यात असा: "आमचा सहा जणांचा गट आहे. 'कट्यार', 'सौभद्र', 'मानापमान', 'संशयकल्लोळ', 'देवबाभळी' पाहून झाली. आता जी नावं सहसा कुणी घेत नाही अशी संगीत नाटकं सांगा. आमच्यातल्या दोघांना शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही आणि एकाला फक्त परदेशी म्युझिकल आवडतात."

मी बत्तीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे. हौशी संस्था, स्पर्धा, कोकणातले उत्सव, गोव्यातल्या जत्रा, सगळीकडे वाजवलं. साथीदाराला एक फायदा असतो: तेच नाटक तो वीस-तीस वेळा ऐकतो, आणि कुठल्या पदाला प्रेक्षक पुढे सरसावून बसतो नि कुठल्या पदाला खुर्चीत मागे टेकतो, हे त्याला न बघताही कळतं. त्या अनुभवावरून सांगतो. नाटक निवडताना त्यातली गाणी किती गाजलेली आहेत हे पाहू नका. पद सुरू होण्याआधी पात्र जिथे होतं, पद संपल्यावर ते तिथेच आहे की पुढे सरकलं आहे, ते पाहा. पुढे सरकलं असेल तर ते संगीत नाटक. नसेल तर ती मैफल, मग गळा कितीही गोड असो.

आपल्याकडे घडलं असं की रेडिओने आणि ध्वनिमुद्रिकांनी पदं घराघरांत पोचवली आणि नाटकं मागे राहिली. 'शतजन्म शोधिताना' लाखो लोकांनी ऐकलं असेल. ते ज्या नाटकातलं आहे ते 'संन्यस्त खड्ग' रंगमंचावर पाहिलेला माणूस मला क्वचित भेटतो. म्हणून माझी शिफारस बहुतेक अशाच नाटकांची आहे, ज्यांची गाणी तुम्हाला आधीच पाठ आहेत.

सुरुवात 'कुलवधू'पासून करा. मो. ग. रांगणेकरांनी १९४१ साली नाट्यनिकेतन ही नाटक कंपनी काढली आणि १९४२ मध्ये हे नाटक आणलं. बोलपटाने संगीत नाटकाच्या कंपन्या मोडीत काढल्या होत्या, तो हा काळ. रांगणेकरांनी त्यावर काय केलं हे बघण्यासारखं आहे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं होती, 'सौभद्रा'त शंभराच्या वर. नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपायचं. रांगणेकरांनी पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली, राजवाडे आणि उद्यानं सोडून मध्यमवर्गीय घराचा दिवाणखाना घेतला आणि स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीच उभी केली. ज्योत्स्नाबाई भोळे भानुमती झाल्या. संगीत मास्टर कृष्णरावांचं.

भानुमती ही यशस्वी नटी आहे आणि तिच्या नवऱ्याला, देवदत्ताला, तिच्या यशाच्या सावलीत राहणं जमत नाही. नाटक ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे, पण आज तालमीत हे संवाद वाचायला घेतले की पंचविशीतल्या मुली एकमेकींकडे बघतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि नायिकाच गाणारी असल्यामुळे रांगणेकरांना गाण्यासाठी निमित्त शोधावं लागत नाही. घरात वावरता वावरता ती गाते, तेव्हा ते तिच्या बोलण्याइतकंच साहजिक वाटतं. 'मनरमणा मधुसूदना', 'क्षण आला भाग्याचा' आणि 'बोला अमृत बोला' ही तिन्ही या एकाच नाटकातली. 'बोला अमृत बोला' ही भैरवी आपण इतक्या समारंभांत ऐकतो की ती कधीकाळी एका विशिष्ट बाईची, तिच्या विशिष्ट घरातली होती हेच विसरून जातो. वाजवणाऱ्यालाही इथे वेगळा हात लावावा लागतो. कृष्णरावांच्या चाली वरून सोप्या भासतात. पण ताना घ्यायला लागलं की भानुमती नाहीशी होते आणि उरते ती फक्त गायिका. जी मुलगी मोह आवरून तीन-चार मिनिटांत पद संपवते, तिचंच 'कुलवधू' उभं राहतं.

याच रस्त्याने थोडं मागे गेलात तर 'आंधळ्यांची शाळा' लागेल. नाट्यमन्वंतर संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ते आणलं. संगीत केशवराव भोळ्यांचं. भावगीताच्या वळणाचं गाणं नाटकात आलं ते इथे. 'एकलीच दीपकळी' त्यातलंच. प्रयोग मिळणं कठीण, पण संहिता वाचावी.

आता माझी सर्वांत आवडती जोडी. दोन नाटकं, दोन वेगळ्या शतकार्धांतली, पण नायिका तीच. ती लागोपाठ बघा, किंवा एक बघा आणि एक वाचा.

पहिलं खाडिलकरांचं 'विद्याहरण', १९१३ चं. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांच्या मधलं, आणि त्या दोघांच्या उजेडात झाकोळून गेलेलं. महाभारतातली कच-देवयानीची गोष्ट. कच संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे येतो. राक्षस त्याला मारतात, जाळतात, राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. मुलगी देवयानी कचावर जीव लावून बसलेली, आणि तो परत यायचा तर बापाचं पोट फाडून. या प्रसंगात नाटककाराला निराळं काही घालावंच लागत नाही. खाडिलकरांनी त्यात मद्यपानाचा विषय धारदार केला आहे, आणि शुक्राचार्य हा इतका मोठा, ज्ञानी, तरी प्याल्यापुढे हरणारा माणूस उभा केला आहे की गद्य नटाला ही भूमिका म्हणजे पर्वणी. 'एकच प्याला' यायला अजून सहा वर्षं होती, हे लक्षात घेऊन बघा. 'मधुकर वन वन फिरत' हे पद तुम्ही ऐकलेलं असणार. ते याच नाटकातलं.

दुसरं वि. वा. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी', १९६६ चं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती धी गोवा हिंदू असोसिएशनची. कचाने नाकारलेली तीच देवयानी आता ययाती राजाची बायको, हस्तिनापूरची राणी आहे. एकदा नाकारलं गेलेलं माणूस पुढच्या नात्यात काय घेऊन येतं, हे शिरवाडकरांनी असं लिहिलं आहे की तिचा अहंकार बघताना राग येतो आणि कणव दाटते, दोन्ही एकाच वेळी. कच इथेही आहे, आता शांत झालेला. 'सर्वात्मका सर्वेश्वरा' ही प्रार्थना सुट्टी ऐकली तर भक्तिगीत वाटते. नाटकात ती ऐका. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो माणूस ती गातो आहे, हे ठाऊक असताना तिचा अर्थच पालटतो. 'प्रेम वरदान', 'यतिमन मम मानित', 'हे सुरांनो चंद्र व्हा' ही सगळी पदं याच नाटकातली. एवढी गाणी गाजली, तरी प्रयोग फार थोडे होतात, कारण ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि कच असे चार भक्कम कलाकार एकत्र मिळावे लागतात आणि त्यांतल्या निदान तिघांना गाता यावं लागतं.

या नाटकाबाबत एक दुखणं सांगतो. एका स्पर्धेसाठी एका संस्थेने ते बसवलं होतं, साथीला मी. वेळेच्या मर्यादेत बसावं म्हणून कात्री लागली. लागणारच, पण ती लागली गद्याला. पदं सगळी ठेवली आणि पदांआधीचे संवाद अर्धे केले. गाणारी मुलं उत्तम तयारीची होती. तरीही प्रेक्षागृह थंड. पात्राच्या मनात काय साठलं आहे तेच कानावर आलं नाही, मग ते सुरांत सांडलं तरी कुणाला काय वाटणार? तेव्हापासून कुणीही विचारलं तर मी एकच सांगतो: दोन पदं कमी करा, पण पदाआधीची दोन पानं कमी करू नका. प्रेक्षक म्हणून तुम्हीही हे ओळखायला शिका. एखादं जुनं नाटक कंटाळवाणं वाटलं तर दर वेळी दोष नाटकाचा नसतो, कात्रीचा असतो.

'कट्यार' आवडलेल्यांना गायकांच्या जगातलं आणखी नाटक हवं असतं. त्यांनी विद्याधर गोखल्यांचं 'स्वरसम्राज्ञी' पाहावं. १९७२ साली शिलेदारांच्या 'मराठी रंगभूमी' या संस्थेने ते आणलं, संगीत नीळकंठ अभ्यंकरांचं. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुलवालीची बोली सुधारली जाते; गोखल्यांनी ती गोष्ट उचलून तमाशात गाणाऱ्या मुलीच्या गळ्यावर आणली. उच्चारांऐवजी गायकी! ही कल्पना मला मूळ कल्पनेपेक्षा सरस वाटते, कारण इथे शिक्षण आपल्या कानांसमोर घडतं. लावणीचा खडा, मोकळा आवाज हळूहळू ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायकीच्या, शिस्तीत येताना ऐकू येतो, आणि त्यात काही मिळालं तसं काही हरवलंही, असं वाटत राहतं. कीर्ती शिलेदारांनी हे नाटक वर्षानुवर्षं गाजवलं. त्या २०२२ च्या जानेवारीत गेल्या. ही भूमिका पेलायची तर एकाच गळ्यात लावणी आणि ख्याल दोन्ही लागतात. असा गळा समोर आला की संस्थेने दुसरं नाटक शोधूच नये.

त्याच वाटेवरचं दुसरं म्हणजे गोपाळकृष्ण भोबे यांचं 'धन्य ते गायनी कळा', तानसेनाभोवती रचलेलं. याचं संगीत पंडित भीमसेन जोशींचं आहे, हे सांगितलं की जाणकार रसिकही चमकतात. 'दान करी रे' हे रामदास कामतांनी गायलेलं पद यातलं. नाटक म्हणून ते 'कट्यार'इतकं घट्ट विणलेलं नाही, हे कबूल. पण चालींसाठी तरी एकदा ऐकावं.

तुमच्यातल्या परदेशी म्युझिकलवाल्या मित्रासाठी मात्र मी वेगळी पुडी बांधतो. वसंत कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाहली', १९६६ चं. मूल नसलेल्या एका जोडप्याची ही गोष्ट. विषय नाजूक, नाटक हसरं, आणि हसता हसता मध्येच घशात आवंढा येतो. त्यातली गाणी रागदारीची नाहीत. संवाद बोलता बोलता लयीत येतो, यमकात येतो, अर्धा बोलला जातो, अर्धा गायला जातो, आणि पुन्हा बोलण्यात मिसळून जातो. हे संगीत कुणाचं? पुन्हा अभिषेकींचंच. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा', १९६६ मध्ये 'ययाति' आणि 'लेकुरे', १९६७ मध्ये 'कट्यार'. चार वर्षांत एकाच माणसाने नाटकाच्या गाण्याचे इतके वेगळे मार्ग पाडले, आणि आपण त्यातला एकच धरून बसलो. 'लेकुरे'ला साथ करणं फार अवघड. पदाला जागा धरून ठेवायची सवय असलेला हात इथे नटाच्या श्वासावर चालावा लागतो. तो वाक्य कुठे तोडेल, याचा भरवसा नाही.

त्याच मित्राला 'तीन पैशाचा तमाशा'ही द्या. जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' १७२८ चं, त्यावरून ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांचं 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ चं, आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी केलेलं हे मराठी रूप १९७८ चं. थिएटर अकॅडमीने ते सादर केलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. नंदू भेंडे यांच्यासारखा रॉक गाणारा गायक-नट त्यात प्रमुख भूमिकेत होता. नाट्यपद, लावणी आणि पाश्चात्त्य ठेका एकाच रात्री, एकाच मंचावर. मराठी संगीत नाटकाला हा रस्ता मोकळा होता, पण पुढे त्यावर फार कुणी चाललं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीची नाटकं हा एक वेगळाच प्रांत आहे. वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' १९२७ चं. 'परवशता पाश दैवे' आणि 'दिव्य स्वातंत्र्य रवि' ही पदं कुठल्या काळात, कुणाच्या राज्यात गायली जात होती ते ध्यानात ठेवून ती ऐकावीत. सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' १९३१ चं, ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते तेव्हाचं. बुद्धाच्या काळातल्या शाक्यांची कथा, आणि तिच्यात शस्त्र की अहिंसा हा वाद. वाद लांबतो, संवाद जड आहेत, आणि लेखकाची बाजू कुठली हे पहिल्या अंकातच कळतं. त्यांच्या मताशी तुम्ही सहमत व्हा किंवा होऊ नका, पण 'मर्मबंधातली ठेव ही' या वझेबुवांच्या पटदीप रागातल्या चालीला तलवारींच्या त्या खणखणाटात जी एकाकी जागा मिळाली आहे, ती ध्वनिमुद्रिकेवर सापडणार नाही. विश्राम बेडेकरांचं 'ब्रह्मकुमारी' १९३३ चं, अहल्येवरचं. 'विलोपले मधुमीलनात या' त्यातलं. अहल्येला शिळा होण्याआधी बाई म्हणून बघणारं नाटक त्या काळात लिहिलं गेलं, एवढं एक कारण ते वाचायला पुरेसं आहे.

वाचण्याच्या यादीत एक नाव मी आग्रहाने घालतो: हिराबाई पेडणेकरांचं 'दामिनी'. बाईने लिहिलेलं संगीत नाटक व्यावसायिक कंपनीने रंगमंचावर आणलं, ते १९१२ साली, आणि आणणारी कंपनी केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. हिराबाई सावंतवाडीच्या, गाणाऱ्या घराण्यातल्या. त्या काळच्या मोठमोठ्या साहित्यिकांत त्यांची ऊठबस होती, पण मान मात्र बेताचाच मिळाला. पुढे कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं. गंमत बघा, हिराबाईंवरचं नाटक लोकांना ऐकून माहीत असतं, हिराबाईंचं नाटक नसतं. 'दामिनी'ची रचना त्या काळच्या वळणाची आहे, योगायोग पुष्कळ आहेत. तरी संगीत नाटकातल्या स्त्रिया सगळ्या पुरुषांनी लिहिल्या आणि बहुतेक पुरुषांनीच उभ्या केल्या, अशा काळात एका बाईने आपली नायिका स्वतः लिहिली. मी ते वाचलं तेव्हा पदांच्या ओळींवर पेन्सिलीने चाली मांडून बघितल्या. आजही ती वही माझ्याकडे आहे.

बघायला कुठे मिळेल? महाराष्ट्र राज्याची संगीत नाट्य स्पर्धा दर वर्षी होते, तिची केंद्रं आणि तारखा लक्ष ठेवून पाहा. व्यावसायिक रंगभूमीवर न येणारी नाटकं तिथे येतात. दर्जा कमीजास्त असतो, तिकीट नाममात्र असतं. रत्नागिरीत 'खल्वायन'सारखी संस्था चिकाटीने संगीत नाटकं करते. पुण्यात भरत नाट्य मंदिराकडे चौकशी करा. पण खरं वेड बघायचं तर गोव्याला जा. कला अकादमीची संगीत नाट्य स्पर्धा तर आहेच, त्याशिवाय देवळांच्या उत्सवात गावकरीच नाटक करतात. दिवसा बागायतीत किंवा बँकेत काम करणारा माणूस रात्री कच होऊन उभा राहतो आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते पद त्याच्याआधी पाठ असतं. तिथे चुकीचा सूर खपत नाही, मात्र गाण्यातल्या चांगल्या जागेला मिळणारी दाद दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

संहिता जुन्या ग्रंथालयांत मिळतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि पुण्यात भरतमध्ये शोधा. आधी वाचून घ्या, मग पदं ऐका आणि मग प्रयोगाला जा. उलट क्रमाने गेलात तर मूळ गायकाच्या ध्वनिमुद्रिकेशी तुलना करण्यातच रात्र जाईल, आणि समोरची मुलगी बिचारी जीव तोडून काय सांगते आहे ते राहून जाईल.

राहिले तुमचे ते दोन मित्र, ज्यांना शास्त्रीय संगीतातलं कळत नाही. त्यांना कृपा करून आधी राग समजावत बसू नका. आधी 'लेकुरे', मग 'कुलवधू', मग आचार्य अत्र्यांचं 'पाणिग्रहण', 'उगवला चंद्र पुनवेचा' या श्रीनिवास खळ्यांच्या चालीसाठी आणि मनमुराद हसण्यासाठी. एवढं झालं की त्यांना 'ययाति'ला न्या. तिथे कुणी शेजारी वळून "हा कुठला राग?" असं विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर तेही उत्तम.